गप्प बसलेल्या वापरकर्त्यांकडून अभिप्राय कसा मिळवावा

हजार जणांना सर्वेक्षण पाठवलं, १२० उत्तरं आली, त्यांतल्या ७२ जणांनी 'उपयोगी आहे' म्हटलं. बैठकीत हे '६० टक्के वापरकर्ते समाधानी' असं मांडलं जातं आणि उरलेली ८८० माणसं कागदावरून नाहीशी होतात. उत्तर देणारे आणि न देणारे सारखेच असते तर काही बिघडलं नसतं. पण ज्याला उत्पादन मनापासून आवडलंय किंवा जो चिडलाय तो लिहितो. ज्याला फारसा फरक पडत नाही तो खिडकी बंद करून आपल्या कामाला लागतो.

अमेरिकेत १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यांच्या आधारे रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं भाकीत छापलं गेलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी, तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्त्यांची यादी मुळातच एका बाजूला झुकलेली होती, त्यात पत्रिका परत पाठवणारे न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे निघाले. एवढ्या प्रचंड संख्येनेही ती उणीव भरून निघाली नाही.

म्हणून इथे सांगितलेली पद्धत उत्तरांची संख्या वाढवण्यामागे लागत नाही. गप्प लोकांतून थोडे जण यदृच्छेने निवडायचे आणि त्या थोड्यांपर्यंत कसून पोहोचायचं. अमेरिकी जनगणना विभागातले मॉरिस हॅन्सन आणि विल्यम हर्विट्झ यांनी १९४६ मध्ये हीच युक्ती टपाली सर्वेक्षणांसाठी मांडली होती: आधी सगळ्यांना पत्र, मग उत्तर न देणाऱ्यांतल्या काही निवडक जणांची प्रत्यक्ष गाठ. सॉफ्टवेअर असो, उपकरण असो वा वर्गणीची सेवा, आजही ती तशीच लागू पडते.

गप्प म्हणजे नेमकं कोण

'३० दिवस लॉगिन नाही म्हणजे निष्क्रिय' ही व्याख्या बहुतेक ठिकाणी डोळे झाकून वापरली जाते. वर्षातून एकदा करविवरण भरण्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर दहा महिने कोणी उघडलं नाही, तर तो माणूस कुठेही हरवलेला नसतो. रोज हजेरी लावण्याचं ॲप मात्र चार दिवस बंद राहिलं की काहीतरी घडलेलं असतं. त्यामुळे आपल्या उत्पादनाची लय आधी काढा. नियमित वापरणाऱ्यांच्या दोन वापरांमधलं अंतर मोजा, त्याचा मध्यक (सगळी अंतरं चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या आणि त्याच्या तिप्पट काळ ही सीमा धरा. मध्यक सहा दिवस असेल तर १८ दिवस. हा कामचलाऊ नियम आहे, पण कॅलेंडरवरून उचललेल्या आकड्यापेक्षा बरा.

सरासरी घेऊ नका. वर्षभराने परतलेली दोनचार माणसं सरासरीला कुठल्या कुठे नेऊन ठेवतात.

सीमा ठरली की गट पाडा, कारण हे सगळे एका माळेचे मणी नसतात. पहिला गट नोंदणी करून सुरुवातच न केलेल्यांचा. दुसरा, काही दिवस वापरून हळूहळू ओसरलेल्यांचा. तिसरा गट सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो: रोज वापरणारे, पण कधी चकार शब्द न काढणारे. चौथ्या गटात पैसे एकाने भरलेले असतात आणि वापर दुसऱ्याने करायचा असतो. कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये हा गट मोठा असतो आणि तिथल्या मौनाचं कारण बऱ्याचदा उत्पादनापेक्षा वरिष्ठांची भीती हे असतं. या चौघांना एकच प्रश्नावली पाठवली तर कोणालाच ती आपल्यासाठी वाटत नाही. ज्याने कधी सुरुवातच केली नाही त्याला 'आमची नवी सुविधा कशी वाटली?' विचारण्यात काय हशील?

सगळे गट एकदम हाती घेऊ नका. ज्या गटाबद्दलच्या माहितीने येत्या तीन महिन्यांतला एखादा निर्णय बदलू शकतो, त्यापासून सुरू करा.

विचारण्याआधी नोंदी वाचा

जे नोंदींत दिसतं ते माणसाला विचारून त्याचा वेळ घालवायचा नाही. निवडलेल्या गटातल्या वीसेक खात्यांचा शेवटच्या दोन सत्रांचा क्रम हाताने वाचा. शेवटची यशस्वी कृती कोणती, शेवटचा पडदा कोणता, त्याआधी त्रुटीचा संदेश आला होता का, शोधचौकटीत काय टाइप केलं आणि किती वेळा निकाल शून्य आले. शून्य निकालांचे शोधशब्द ही तर न मागता मिळालेली तक्रारवही असते. मदत विभागाकडे त्या व्यक्तीचा जुना प्रश्न अर्धवट पडून आहे का, हेही बघा. पडून असेल तर आधी त्याचं उत्तर द्या. तक्रार धूळ खात पडलेली असताना वर 'तुमचं मत आम्हाला मोलाचं आहे' असं पाठवणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं.

याच पायरीवर यादी गाळून घ्या. चाचणीची खाती, एकाच माणसाची दोन खाती, परत आलेले ईमेल पत्ते, संपर्काला नकार दिलेले लोक बाजूला काढा. कार्डाची मुदत संपल्याने ज्यांची वर्गणी आपोआप थांबली तेही वेगळे ठेवा. ते रुसून गेलेले नाहीत, त्यांना फक्त पैसे भरण्याचा दुवा हवा असतो. त्यांना 'आम्हाला का सोडलंत?' विचारलं की ते गोंधळतात आणि तुमच्या निष्कर्षांत नसलेली नाराजी घुसते.

एक खबरदारी ईमेलबाबत. ॲपलने २०२१ मध्ये मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय आणली. ती चालू असेल तर संदेशातली चित्रं वाचणाऱ्याने उघडण्याआधीच परस्पर उतरवली जातात आणि तुमच्या अहवालात 'उघडला' अशी नोंद होते. त्यामुळे 'ईमेल उघडतो पण उत्तर देत नाही' असा गट पाडू नका. उत्तर, क्लिक आणि प्रत्यक्ष वापर एवढ्याच खुणा धरा.

निवड चिठ्ठ्या टाकूनच

गाळलेल्या यादीतून प्रत्येक गटासाठी ४० ते ५० नावं काढा. उद्देश १२ ते १५ नीट संभाषणं मिळवण्याचा आहे. बाकीचे फोन उचलणार नाहीत किंवा नकार देतील हे धरूनच चला.

नावं हाताने निवडली की हटकून ओळखीची, मोठ्या खात्यांची, बोलकी माणसं वर येतात. स्प्रेडशीटमध्ये एक नवा स्तंभ घ्या, त्यात यादृच्छिक संख्येचं सूत्र भरा, त्या संख्यांवर क्रम लावा आणि वरची नावं घ्या. बारीक पण महत्त्वाची गोष्ट: क्रम लावण्याआधी तो स्तंभ कॉपी करून 'फक्त मूल्यं' म्हणून पुन्हा चिकटवा. नाहीतर प्रत्येक बदलाबरोबर संख्या नव्याने तयार होतात आणि उद्या फाइल उघडल्यावर कालची निवड सापडत नाही. मग 'हे नाव होतं की नव्हतं' यावर वाद घालत बसावं लागतं.

एकदा यादी ठरली की बदली नाव घ्यायचं नाही. कोणी मिळत नाही म्हणून त्याच्या खालचा घेतला, की सहज सापडणाऱ्यांचीच गर्दी पुन्हा जमते. मोठ्या सर्वेक्षणात जे बिघडलं होतं तेच इथे छोट्या प्रमाणात बिघडतं.

पहिला निरोप

निरोप माणसाच्या नावाने जावा, साध्या मजकुरात, बोधचिन्ह आणि रंगीत बटणांशिवाय. 'उत्तर देऊ नये' अशा पत्त्यावरून अभिप्राय मागणारा निरोप पाठवणाऱ्या संस्था आजही कमी नाहीत. लोक उत्तर देत नाहीत याचं आश्चर्य तिथे कोणी करू नये.

एकच प्रश्न, आणि तो एका ओळीत उत्तर देता येईल असा. सुरुवातच न केलेल्यांसाठी असं लिहिता येईल:

'नमस्कार. तुम्ही मार्चमध्ये आमच्याकडे खातं उघडलंत, पण पुढे वापर सुरू झालेला दिसत नाही. त्या वेळी तुम्हाला नेमकं कोणतं काम करायचं होतं? एका ओळीत याच ईमेलला उत्तर दिलंत तरी पुरे. मी ते स्वतः वाचेन. यात विक्रीचा काही हेतू नाही, आणि यापुढे असा निरोप नको असल्यास तेवढं कळवा.'

ओसरलेल्यांसाठी प्रश्न बदला: 'तुम्ही आमच्याकडे दर आठवड्याला अहवाल काढत होतात. आता ते काम कसं करता?' या प्रश्नात आरोप नाही आणि कौतुकाची अपेक्षाही नाही. शिवाय तुमची खरी स्पर्धा कोणाशी आहे तेही त्यातून कळतं. वही, स्प्रेडशीट, किंवा ते काम आता करावंच लागत नाही, अशी उत्तरं प्रतिस्पर्धी कंपनीच्या नावापेक्षा जास्त डोळे उघडणारी असतात.

'आम्हाला तुमची आठवण येते' हे वाक्य टाळा. ते जाहिरातीचं वाटतं आणि जाहिरातीसारखंच दुर्लक्षिलं जातं. सवलतीचं कुपनही याच निरोपात घालू नका. कुपनासाठी आलेलं उत्तर कुपनाबद्दलच बोलतं.

पाठपुराव्याचं वेळापत्रक आधीच लिहून ठेवा. पहिला निरोप, चौथ्या दिवशी त्याच धाग्यात दोन ओळींची आठवण, दहाव्या दिवशी माध्यम बदलून फोन किंवा ॲपमधला संदेश, आणि विसाव्या दिवसाच्या आसपास शेवटचा प्रयत्न वेगळ्या वेळी. सकाळी केलेला फोन उचलला गेला नसेल तर संध्याकाळी करून बघा. फोन आणि मेसेज फक्त ज्यांनी त्यासाठी संमती दिली आहे त्यांनाच. चार प्रयत्नांनंतर थांबा आणि नावापुढे 'संपर्क झाला नाही' असं नोंदवा. ही नोंद शेवटच्या हिशेबात लागते.

फोनवर काय विचारायचं

पंधरा मिनिटं मागा आणि पंधराव्या मिनिटाला स्वतः थांबा. बोलायला ज्याने उत्पादन बनवलं तो नसावा. समोरच्याला ते कळतं आणि तो भिडेखातर गोड बोलू लागतो. ज्याने बनवलं त्याला ऐकू द्या, पण समोरच्याला तसं सांगून, आणि मध्ये तोंड न घालण्याच्या अटीवर.

'का' या शब्दाने प्रश्न सुरू करू नका. 'का सोडलंत?' याला माणूस समर्थन देतो, आणि समर्थन नेहमीच सुबक असतं: 'वेळ मिळत नाही', 'महाग वाटलं'. त्याऐवजी घटना विचारा. शेवटचं कधी उघडलंत? त्या दिवशी काय चाललं होतं? मग काय केलंत? जवळपास आणखी कोण होतं? नेमका दिवस आठवत नसेल तर आधीच वाचलेल्या नोंदींतून एक टोक द्या: 'त्या आठवड्यात तुम्ही दोन फाइली चढवल्या होत्या.' एक टोक हाती आलं की बाकीचं पुष्कळदा आपोआप आठवतं. अर्थात, तुम्ही त्यांच्या नोंदी बघितल्या आहेत हे बोलण्याच्या सुरुवातीलाच सांगितलेलं असावं. मध्येच कळलं तर पाळत ठेवल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं रास्तच आहे.

'छान आहे, काही तक्रार नाही' हे सगळ्यात वारंवार येणारं आणि सगळ्यात निरुपयोगी उत्तर. त्यावर भांडायचं नाही. 'बरं. तुमच्या हाताखाली नवा माणूस आला तर त्याला हे शिकवताना कुठे सावध कराल?' असं विचारा. दुसऱ्याच्या अडचणीबद्दल बोलायला लोक कचरत नाहीत. स्वतःला जमलं नाही हे कबूल करायला मात्र कचरतात, आणि गप्प राहण्यामागे हा संकोच फार मोठा असतो. 'मलाच समजलं नसेल' म्हणणाऱ्याला तेवढ्यापुरतं 'तसं काही नाही' म्हणून पुढे सरकू नका. तिथेच थांबून कोणता शब्द, कोणतं बटण, कोणता पडदा ते विचारा.

उत्तर संपल्यावर पाचेक सेकंद काहीच बोलू नका. अवघड वाटतं, पण खरं वाक्य पुष्कळदा त्या शांततेनंतर येतं.

दोन गोष्टी फोनवर हमखास बिघडतात. पहिली, समोरचा चुकीचं सांगतोय असं लक्षात आलं की आपण शिकवायला लागतो: 'अहो, ती सोय आहे की, उजवीकडे वर बघा.' संभाषण तिथेच संपतं. मदत करायचीच असेल तर शेवटच्या दोन मिनिटांत करा. दुसरी, सुविधांचं आश्वासन. 'हे आलं तर वापराल का?' याला 'हो' म्हणायला काहीच खर्च नाही. त्यामुळे त्या 'हो'ला वजन देऊ नका. त्यावर उपाय म्हणून त्यांनी आजवर काय जुगाड केलं ते विचारा. ज्या अडचणीसाठी माणसाने कधीच काही खटपट केली नाही, ती अडचण त्याला फारशी खुपत नसते.

फोन संपल्यावर लगेच पंधरा मिनिटं टिपणासाठी राखून ठेवा. त्यांची वाक्यं त्यांच्याच शब्दांत लिहा. दिवसाला चारपेक्षा जास्त संभाषणं ठेवली तर चौथ्यानंतरची टिपणं एकमेकांत मिसळू लागतात.

वापरतात, पण बोलत नाहीत

या गटाला फोन करण्याआधी उत्पादनातच एक छोटा प्रश्न विचारून बघा. तो घड्याळाच्या काट्यावर न ठेवता कृतीला जोडा. एखादं काम पूर्ण झाल्याक्षणी किंवा अर्धवट सोडल्याक्षणी विचारा, कामाच्या ऐन मध्यावर कधीच नको. 'जे करायला आला होतात ते झालं का?' हो, अर्धवट, नाही. 'नाही' म्हणणाऱ्यालाच पुढची रिकामी चौकट दाखवा. सगळ्यांना न दाखवता पाच ते दहा टक्क्यांना यदृच्छेने दाखवा, आणि एकाच व्यक्तीला तीन महिन्यांत एकदाच. तारे किंवा शून्य ते दहा अशा गुणांनी फारसं हाती लागत नाही. सात गुण देऊन गेलेल्या माणसाने नेमकं काय म्हटलं ते तुम्हाला सांगता येणार नाही.

वर्गणी रद्द करण्याच्या पानावरचा प्रश्न ऐच्छिक ठेवा. कारणांच्या पर्यायांचा क्रम प्रत्येकाला वेगळा दाखवा, नाहीतर पहिला पर्याय विनाकारण जिंकतो. आणि उत्तर दिल्याशिवाय रद्द करता येत नाही अशी अट मुळीच घालू नका. अशी अट घातलेल्या ठिकाणी 'अआइई' सारखी उत्तरं येतात, ती रागाचीच असतात.

कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये वरिष्ठांमार्फत आलेली प्रश्नावली निरुपयोगी समजा. तिथे परवानगी घेऊन तासभर शेजारी बसून काम बघणं जास्त देऊन जातं. पडद्याला चिकटवलेली चिठ्ठी, बाजूला ठेवलेली वही, दर वेळी उघडली जाणारी दुसरी फाइल यांकडे लक्ष द्या. शिकवणारे, बसवून देणारे, मदतीचे फोन घेणारे यांच्याशीही बोला. गप्प ग्राहक त्यांच्याजवळ सगळ्यात जास्त बोललेला असतो.

मोबदला

छोटी भेट आधी दिली तर काम झाल्यावर देण्याच्या आश्वासनापेक्षा ती जास्त परिणाम करते, हे सर्वेक्षणशास्त्रात पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. रक्कम किरकोळच ठेवा. मोठी ठेवली तर रकमेसाठी येणारे येतात. सोडून गेलेल्यांना 'आमच्याच सेवेचा एक महिना मोफत' देणं तर अगदीच विसंगत: जे त्यांना नको आहे तेच भेट म्हणून.

उत्तरांचं काय करायचं

प्रत्येक संभाषणातून जशीच्या तशी दोनतीन वाक्यं घ्या, त्यांवर खुणेचा शब्द लावा आणि गटवार मांडा. खुणा दोघांनी स्वतंत्रपणे लावाव्यात. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे खूण संदिग्ध आहे असं समजून ती पुन्हा ठरवा. बारा संभाषणांवर टक्केवारी काढू नका. '१२ पैकी ७' असंच लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला पाया किती आहे ते दिसतं. एखादी अडचण १५ जणांत एकदाही आली नाही म्हणून ती नाहीच असंही म्हणता येत नाही. ढोबळ नियम असा की तीनला संख्येने भागायचं: १५ जणांत शून्य आलं, तरी प्रत्यक्षात ती सुमारे २० टक्क्यांपर्यंत लोकांना असू शकते.

आता सुरुवातीचं उदाहरण पूर्ण करू. १,००० पैकी १२० उत्तरं, त्यांत ७२ जणांना उपयोग होतोय. गप्प ८८० मधून यदृच्छेने ४४ निवडले, ३३ जणांपर्यंत पोहोचलो, त्यांतल्या ९ जणांनी उपयोग होतो म्हटलं. म्हणजे गप्प लोकांत साधारण २७ टक्के. ८८० ला ९ ने गुणून ३३ ने भागलं की २४० येतात. ७२ आणि २४० मिळून ३१२, म्हणजे हजारांत सुमारे ३१ टक्के. साठाचे एकतीस झाले, तेही फक्त ४४ जणांमागे लागून. यात वर-खाली होण्याला बरीच जागा आहे आणि न सापडलेले ११ जण अजून अंधारातच आहेत, ते अहवालात स्पष्ट लिहा.

एवढी मेहनत शक्य नसेल तर निदान एक तपासणी करा. पहिल्या दोन दिवसांत आलेली उत्तरं आणि शेवटच्या आठवणीनंतर आलेली उत्तरं वेगवेगळी मांडा. उशिरा उत्तर देणारे न देणाऱ्यांच्या जास्त जवळचे असतात, हा विचार आर्मस्ट्राँग आणि ओव्हर्टन या संशोधकांनी १९७७ मध्ये मांडला होता. उशिरा आलेली उत्तरं जास्त उदास असतील तर गप्प बसलेले त्याहूनही उदास असण्याची शक्यता धरा. हा अंदाज आहे, पुरावा नाही.

ज्यांनी वेळ दिला त्यांना सहा आठवड्यांच्या आत एक निरोप पाठवा: तुम्ही अमुक सांगितलंत, आम्ही अमुक बदललं, अमुक बदलणार नाही आणि त्याचं कारण हे. न बदलण्याचं कारण कळवणं बहुतेक जण टाळतात, पण पुढच्या वेळी फोन उचलला जातो तो त्यामुळे. त्यानंतर त्या व्यक्तीला सहा महिने काहीही विचारू नका. संभाषणांची ध्वनिमुद्रणं कधी पुसणार ते आधी सांगितलेलं असेल तर त्या तारखेला पुसा, आणि खुणा लावलेल्या वाक्यांतून नावं काढून टाका.